दंतवैद्य घर बघायला येणार म्हणून

ल्होटका,
शनिवार सकाळ, मे महिना सरत आलेला

तीर्थस्वरूप द्राहाताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुझा गुडघा शांत असो, ओल्द्रिखभावोजींचं पित्त शमलेलं असो, आणि त्यांनी ते शमवायला पुन्हा बदकाचं तेलकट सूप घेतलेलं नसो. आम्हा उभयतांचं बरं चाललंय. झ्देनाच्या कपाळावर एक टेंगूळ आहे, पण ते आता उतरणीला लागलंय. माझा डावा अंगठा निळा पडलाय. त्यामुळे विद्यापीठात संस्कृतच्या वर्गाला बहुव्रीहीचं एक ताजं उदाहरण मिळालं: नीलाङ्गुष्ठ, निळा आहे अंगठा ज्याचा तो, म्हणजे मी. घरही उभं आहे. ते कशाच्या आधाराने उभं आहे, हे सांगायलाच पत्र लिहितोय, पण तिथे यथाक्रम येऊ दे. तुला ठाऊक आहे, मधूनच सुरुवात केली की माझा गोंधळ होतो.

ईस्टरला तुझ्याकडे जेवताना तू म्हणालीस, ‘व्रात्या, घर विकू या,’ आणि मी मान हलवली. (लाडाचं हे नाव संस्कृतात कुणाला म्हणतात, ते मी तुला आजवर मुद्दाम सांगितलेलं नाही.) त्या वेळी माझ्या तोंडात तुझ्या कोकराच्या आकाराच्या केकचं अख्खं डोकं होतं. तोंड भरलेलं असताना दिलेली संमती धर्मशास्त्रात ग्राह्य धरतात की नाही, हे मला तपासायचं होतं. पण तो खंड झ्देनाने माळ्याच्या खिडकीला टेकू म्हणून लावलाय आणि वारा पडल्याशिवाय तो काढता येत नाही. तुझं म्हणणं मात्र शब्द न् शब्द खरं होतं. आईबाबा गेले. आपली मुलं इथे येत नाहीत. आलीच तर फोनला रेंज नाही म्हणून कुंपणावर चढून बसतात आणि जेवण होताच निघतात. छप्पर म्हातारं झालंय. तुला जिना चढवत नाही आणि मला उतरवत नाही. तेव्हा तू प्रागचा तो दंतवैद्य शोधलास, तो या रविवारी बघायला येणार असं ठरवलंस, आणि मला हुकूम सोडलास की तोवर घर जरा माणसांत आण: कोठीचं दार अडकतं ते सरळ कर, जिन्याचा तो ट्रामचा कठडा काढ, आणि स्वयंपाकघरातलं राक्षसी फडताळ मोडून टाक, कारण डॉक्टरसाहेबांना त्या भिंतीला तयार ओटा लावायचाय. सुतार बोलवू का, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, ‘बाबांनी कधी बोलावला होता का रे?’

ताई, सगळं बिघडलं ते इथे. आपल्याकडच्या पुरुषाला हा प्रश्न विचारायचा नसतो. तो इस्पितळात पडून असला तरी उठून करवत मागतो.

दारापासून सुरुवात केली. बाबांनी कोठीचं दार चौकटीप्रमाणे तासलं होतं, चौकट भिंतीप्रमाणे बसवली होती, आणि भिंत ही ज्या कुणी पूर्वी बांधली त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे होती. मी पडलो नियमाने चालणारा माणूस. मी गुण्या आणला, घरात जिथे जिथे कोपरा दिसला तिथे तिथे लावून पाहिला, आणि या वास्तूत काटकोन म्हणून एकही नाही हे सिद्ध केलं. मग अंगणात बसून स्वतःच्या हाताने एक नवं दार केलं, चारही कोपरे पाणिनीच्या सूत्रासारखे चोख. ते चौकटीत उभं केल्यावर असं दिसलं, की दार बरोबर आहे आणि घर चुकलंय. वरच्या बाजूला एक तिकोनी फट राहिली आहे. तिच्यातून मांजर दार न उघडता ये-जा करतं आणि सॉसेज घेऊन निघतं. शेजारचे वोंद्राचेककाका कुंपणाशी उभे राहून सगळं पाहत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून काकांचे दोन्ही हात खिशातच असतात. बाहेर येतात ते फक्त प्याल्यासाठी आणि अंत्यविधीला. त्यांनी दार बघितलं, मला बघितलं, आणि या देशातला प्रत्येक माणूस दुसऱ्याचं काम पाहिल्यावर जे विचारतो ते विचारलं:

‘हे कुणी करून ठेवलं?’

‘मी, काका.’

‘नाही, दार छान आहे. घर कुणी केलं?’

मग कठडा. तो तुला का नको आहे ते मला कळतं, पाहुणे हसतात. पण तू तो शेवटचा कधी धरला होतास? बाबा ट्रामदुरुस्तीच्या कारखान्यात होते, आणि त्या काळात दुकानात फळी मिळत नसे, खिळे मिळाले तर एकाच मापाचे, आणि रंग ज्या वर्षी जो निघेल तो. (ज्या वर्षी फक्त हिरवा निघाला त्या वर्षी आपलं कुंपण, आपली घसरगाडी, कुत्र्याचं घर आणि काकांचं बाक ही सगळी एकाच दिवशी हिरवी झाली, आणि कुत्रंसुद्धा एका अंगाने.) मोडीत निघालेल्या डब्यांमधून बाबा दर शुक्रवारी काहीतरी घेऊन यायचे. आई, तू आणि मी बसस्टँडवर उभे असायचो, आणि ते लांबून खिडकीची अख्खी चौकट गळ्यात घालून येताना दिसायचे, तोंडावर असा भाव, की जणू प्रत्येक गृहस्थ खिडकी घालूनच प्रवासाला निघतो. बसवाल्याने हटकलं तर तिचं अर्धं तिकीट काढायचे. अशाच एका शुक्रवारी तू आणि मी बसच्या खिडकीशेजारी बसून आपल्या खिडकीतून बाहेर पाहत ल्होटक्याला आलो होतो, आणि आईने तोंड दुसरीकडे वळवलं होतं, ते ओळख दाखवायची नव्हती म्हणून.

तो कठडा म्हणजे ट्रामची पितळी दांडी, तिला चामड्याचे दोन लोंबते पट्टेही तसेच. संध्याकाळी झोपायला वर जाताना बाबा जिन्याखाली उभे राहून थांबे पुकारायचे. ‘पुढचा थांबा, देवळाचा चौक! दारं बंद होत आहेत!’ आपण पट्टा धरून झुलायचो. शेवटी ‘माळा, शेवटचा थांबा, सगळ्यांनी उतरून घ्या’ झालं की मी रडायचो, कारण मला परत फिरणारी गाडी हवी असायची, आणि तू म्हणायचीस, ‘रडतोस काय, तिकीट तरी काढलंयस का?’ असो. मी दांडीचे स्क्रू काढले, ती भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर त्या जिन्यावरून मी, झ्देना आणि चहाचा ट्रे, तिघंही एकेकदा खाली आलो. हात आपोआप दांडीकडे जातो आणि तिथे हवा असते. म्हणून दांडी पुन्हा बसवली आहे. सुरक्षिततेसाठी, तात्पुरती.

आता फडताळ. गेल्या आठवड्यात मी त्याला हात घातला. तुझ्या डोळ्यांसमोर असेलच: भिंतभर पसरलेलं, छताला भिडलेलं, दोन्ही बाजूंना ट्रामची सरकती दारं, आणि वर मधोमध इनॅमलची पाटी, ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये’. आई त्या पाटीखाली उभी राहून पिठाचे गोळे उकडायची; कुणी काही विचारायला गेलं की चमचा उचलून वर दाखवायची. बाबा स्वतः लावलेल्या पाटीपुढे निमूट परत फिरायचे. आपल्या घरात इतकी पाळली गेलेली दुसरी आज्ञा नाही.

मोडायला घेतल्यावर कळलं, की बाबांचा एकाच उपायावर कधी विश्वास नसे. प्रत्येक सांध्याला आधी सरस, मग स्क्रू, स्क्रूवर विसंबायला नको म्हणून खिळा, खिळ्याची लाज झाकायला रंग. मी ओढत होतो आणि ते शेजारी उभे राहून ‘ओढ, अजून ओढ, निघत नाही ना?’ असं कौतुकाने म्हणताहेत असा भास होत होता. अखेर दुपारी डावी बाजू सुटली. मी झ्देनाला हाक मारून म्हणालो, ‘बघ, नुसती ताकद नाही, मोडायलाही शास्त्र लागतं.’ तेवढ्यात छत कुरकुरलं. आवाज मोठा नव्हता. वयस्क माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा. मग ते बोटभर खाली आलं, चुन्याचा एक ढग उतरला, पाटी निखळून झ्देनाच्या कपाळावर बसली, आणि मी, दुसरं काही न सुचल्यामुळे, स्टुलावर चढून तुळईला डोकं लावलं. पृथ्वी तोलणाऱ्या शेषाला हजार फणे कशाला, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून पडला होता. एक दमला की दुसरा लावायला, हे उत्तर मला त्या दुपारी मिळालं.

‘तू असा किती वेळ राहणार आहेस?’ झ्देनाने कपाळ चोळत विचारलं.

‘काकांना बोलावून आण.’

‘आणते. पण मी जाऊन येईपर्यंत राहशील ना? की जाताना दुधाचं भांडंही बाहेर नेऊ?’

तिने भांडं नेलं. काका आले, हात खिशात. दारातून वर पाहिलं, खाली पाहिलं.

‘हे कुणी करून ठेवलं?’

‘बाबांनी. आणि तुम्ही. सरस ढवळायला तुम्हीच होतात.’

‘तरीच इतकं टिकलं,’ असं म्हणून त्यांनी, कुणीही मेलेलं नसताना, दोन्ही हात खिशातून बाहेर काढले. त्यांच्या मोटारीचा जॅक आला, त्याखाली लाकडी ओंडका आला, तीन वेळा ‘जरा डावीकडे’ आणि तीन वेळा ‘तुझं डावीकडे नव्हे, माझं’ असं झालं, आणि छत कण्हत जागेवर गेलं. मला स्टुलावरून उतरवून सरळ करायला थोडा अधिक वेळ लागला. मग शिरस्त्याप्रमाणे मदतीला आलेल्या माणसाला गुलाश आणि बिअर दिली, आणि दुसऱ्या बाटलीनंतर काकांनी एक गोष्ट सांगितली. ती तुला ठाऊक नसावी. मला तरी नव्हती.

आई लग्नापासून फडताळ मागत होती. बाबा दर हिवाळ्याला ‘पुढच्या हिवाळ्यात’ म्हणायचे. कारण बाबांना कुठलीही वस्तू घरातल्या माणसाला हवी आहे म्हणून करता येत नसे. तिच्यात काहीतरी संकट असावं लागे. म्हणून आईने एक दिवस काकांना कुंपणाशी गाठलं. ‘वोंद्राचेक,’ ती म्हणाली, ‘आमच्या यांना जरा सांगा ना, स्वयंपाकघरातली तुळई वाकलीय म्हणून.’ ‘वाकलीय?’ काकांनी विचारलं. ‘नाही. पण तुम्ही सांगा.’ काकांनी सांगितलं, चेहरा गंभीर करून. बाबांचं जेवण तिथेच थांबलं. नवी तुळई मिळवायची तर अर्ज करून म्हातारं होईपर्यंत थांबायला हवं होतं; तेव्हा बाबांनी तुळईखाली तात्पुरता टेकू द्यायचं ठरवलं, आणि बायकोला घाबरवायचं नाही म्हणून त्या टेकूला फडताळाचं रूप दिलं. आईच्या नामदिनी, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या दिवशी, ते तिला भेट दिलं. दोघंही जन्मभर आपण समोरच्याला कसं गुंडाळलं या आनंदात राहिली. आई जायच्या आधल्या वर्षी काकांना म्हणाली होती म्हणे, ‘बिचाऱ्याला अजून वाटतं की छत त्यानेच तोलून धरलंय.’

मी म्हणालो, ‘काका, पण मग तुळई शाबूत होती, तर आज खाली कशी आली?’

‘अरे, इतकी वर्षं टेकायला मिळाल्यावर कोण स्वतःच्या पायावर उभं राहील?’ काका म्हणाले. ‘माझंच बघ ना, आमची ही गेल्यापासून...’ हात खिशात घातले आणि कोंबड्या कोंडायच्या आहेत असं सांगून गेले. त्यांच्याकडे कोंबड्या नाहीत.

त्यानंतर, द्राहाताई, मी फडताळ परत जोडलं. यात भावनेचा काही भाग नाही. निव्वळ विक्रीच्या दृष्टीने पाहिलं तरी छत खाली असलेल्या घरापेक्षा वर असलेल्या घराला मागणी जास्त. आत एक नवा ओकचा खांब घातलाय, सरस लावून, वर स्क्रू, आणि स्क्रूवर विसंबायला नको म्हणून खिळा. मोडलेल्या खणाच्या जागी नवा खण मी स्वतः केला, कोपऱ्यांना खाचेत खाच बसवून. सुंदर झालाय. बंद होतो तर इतका घट्ट, की आत काय ठेवलं होतं याची माणसाने आठवणच काढावी. पाटीही जागेवर गेली. झ्देनाने स्वतःहून लावली, आणि त्यानंतर मी तिच्याशी स्वयंपाकाच्या वेळी बोललो तर ती चमचा वर करते.

तेव्हा तू निर्धास्त अस. उद्या डॉक्टरसाहेब आले की मी त्यांना काहीही न लपवता सगळं दाखवणार आहे: तुळई, काटकोनांचा अभाव, ऑगस्टमध्ये विहिरीच्या पाण्याला येणारा वास, धूर आत सोडणारी चिमणी आणि वोंद्राचेककाका. घेणाऱ्याला अंधारात ठेवणं पाप आहे. सत्य ऐकून तो पळाला, तर तो त्याच्या नशिबाचा भाग; मी तुझी आज्ञा पाळलेली असेल. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला कोबीचं पान बांध, आणि लोभ आहे त्याहून कमी होऊ देऊ नकोस.

तुझा आज्ञाधारक,
व्रात्या

ता. क. रविवार, संध्याकाळ. पत्र कालच पेटीत पडायचं होतं. पण पाकीट मी माझ्या नव्या खणात ठेवलं आणि तो उघडेना. आज उघडला. उघडणारा दंतवैद्य होता.

डॉ. ह्रुबेश नावाचा हा उंच, लाजरा, तिशीतला मुलगा आहे. पायांत पाहुण्यांच्या टोपलीतल्या सपाता घालून (त्याला बाबांच्या आल्या, आणि बरोबर बसल्या, याचा मला उगाच राग आला) तो घरभर हिंडला, आणि मी त्याला एकेक दोष सांगत गेलो. मी दोष सांगावा आणि त्याचा चेहरा उजळावा, असा प्रकार. तुळईला त्याने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाला, ‘मूळ चांगलं आहे, काढायची गरज नाही. वरून टोपी बसवू.’ कोठीचं दार पाहून त्याने कोट काढला, रंधा मागितला, आणि मी नको नको म्हणत असताना नव्या दाराचे माझे चारही काटकोन तासून त्या वेड्यावाकड्या चौकटीत असं बसवलं, की मांजर अजून बाहेर बसून ओरडतंय. जिन्यावर पट्टा धरून उभा राहिला आणि विचारलं, ‘ही कुठल्या मार्गाची गाडी होती हो?’ तयार ओट्याचं नावसुद्धा काढलं नाही. काका कुंपणाशी आले, दार पाहिलं, विचारलं, ‘हे कुणी करून ठेवलं?’ आणि उत्तर ऐकून त्याला आपली आलुबुखाऱ्याची दारू पाजली. मला त्या बाटलीपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली होती. घर जसंच्या तसं हवंय, म्हणतो. फडताळाला हात लावणार नाही. तुझी किंमत मान्य. यापेक्षा चांगला खरेदीदार आपल्याला मिळणार नाही.

दुसरा ता. क. म्हणून मी त्याला सांगितलं, की घर विकायचं नाही.

कारण विचारलं, तेव्हा स्वतःचं नाव पुढे करणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी सांगितलं, की माझी थोरली बहीण ऐकत नाही. फार हळवी आहे. वरवर कडक, पण विक्रीचा विषय निघाला की जेवत नाही. गेल्या वेळी तर ढसाढसा रडली. त्याला हे फार लागलं. बुधवारी तो तुला फोन करून तुझी माफी मागणार आहे. तेव्हा ताई, पत्र मिळताच आधी भावोजींना फोनपासून लांब ठेव, आणि बुधवारी त्याला नाही म्हण. जमलं तर किंचित रडसुद्धा. मग छपराचं मी बघतो. तुझी खोली खाली आणायची सोय कोठीत करता येईल, दार आता छान लागतं. गुडघ्याला जिना लागणार नाही. मापं घेऊन ठेवली आहेत.

तिसरा ता. क., झ्देनाच्या हातचा: द्राहाताई, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. तुम्ही रडलात वगैरे यांनी डॉक्टरांना सांगितलं हे खरं, पण ते सांगताना डॉक्टरांच्या समोर बसून कोण रडत होतं, ते यांनी लिहिलेलं दिसत नाही. डॉक्टरांना सवय आहे. त्यांनी ‘आता मागे टेका, श्वास घ्या’ म्हणून यांना पाणी दिलं आणि रुमाल इथेच ठेवून गेले. तेव्हा बुधवारी तुम्ही रडण्याची तसदी घेऊ नका, ते काम झालंय. तुम्ही नुसतं नाही म्हणा.